सँग्विन म्हणजे आशावादी आणि सँग्विनरी म्हणजे रक्तपिपासू, मूळ एकच मग असं का? (रक्तातनं आलेले इंग्रजी शब्द)

शब्दवेडा_कोल्हापूर :

मंडळी नमस्कार. कोल्हापुरात स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजी शिकवतो, आणि व्होकॅबचा तास आला की सगळ्यात जास्त घोळ होतो तो सँग्विन आणि सँग्विनरी या जोडीवर, म्हणून म्हटलं यावर एक धागाच काढावा. इथं डॉक्टर, वकील, चित्रकार सगळेच आहेत, भर पडेल.

दोन्ही शब्दांचं मूळ लॅटिन सँग्विस, म्हणजे रक्त. षष्ठीत त्याचं सँग्विनिस होतं आणि तिथला तो 'न' इंग्रजीत आलेल्या बहुतेक शब्दांत टिकून राहिलाय. आता मूळ एक असून सँग्विन म्हणजे आशावादी, होईल की सगळं नीट असं मनापासून मानणारा, आणि सँग्विनरी म्हणजे रक्तपाताचा, रक्ताला चटावलेला. गाईडात दोन्ही शब्द एकाखाली एक छापलेले असतात, पुढं अर्थ असतो, पण असं का ते कुठंच नसतं. मग पोरं पाठ करतात आणि ऐन पेपरात उलटं करून येतात.

मला जे वाटतं ते सांगतो. रक्त अंगात आहे तोवर ते तेज आहे, उमेद आहे, नातं आहे. तेच अंगाबाहेर सांडलं की हिंसा आणि मरण. या मुळाचा इंग्रजीतला कुठलाही शब्द घ्या आणि आधी एवढंच विचारा, हे रक्त आतलं का बाहेरचं? सँग्विन आतल्या रक्ताचा. सँग्विनरी बाहेरच्या. कॉन्सँग्विनिटी म्हणजे रक्ताचं नातं, आतलं. एक्सँग्विनेट म्हणजे अंगातलं रक्त वाहून जाणं, बाहेरचं.

लॅटिनवाल्यांनी तर यासाठी दोन वेगळे शब्दच ठेवले होते. अंगात वाहतं ते सँग्विस, जखमेतनं सांडतं आणि साकळतं ते क्रुऑर. या क्रुऑरच्या भावकीतला शब्द म्हणजे क्रूडस, कच्चं, आणि त्याच्यावरनं इंग्रजीत क्रूड आणि क्रुएल आले. आपला संस्कृतातनं आलेला 'क्रूर' याच कुळातला, त्याचाही जुना अर्थ रक्ताळलेला, कच्च्या मांसाचा असाच आहे. म्हणजे क्रूर आणि क्रुएल नुसते ऐकायला सारखे नाहीत, खरोखर एका मुळाचे आहेत, आणि इंग्रजीतला साधा रॉ म्हणजे कच्चा, तोसुद्धा तिथलाच.

आता सँग्विन आशावादी कसा झाला ते. ग्रीक वैद्यकात, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेत आणि पुढं दुसऱ्या शतकातल्या गॅलेनकडं, शरीरात चार द्रव मानले होते, रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. ज्याच्यात जे जास्त तसा त्याचा स्वभाव. काळं पित्त जास्त तो मेलँकोलिक, उदास. पिवळं पित्त जास्त तो कोलेरिक, तापट. कफ जास्त तो फ्लेग्मॅटिक, थंड, हलवल्याशिवाय न हलणारा. आणि रक्त जास्त तो सँग्विन, गालावर लाली, हसतमुख, लोकांत रमणारा, उमेदीचा. फ्रेंचमधनं हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा आधी रंग, मग लालसर चेहरा, मग तसा स्वभाव आणि शेवटी नुसता आशावाद उरला. 1628 साली विल्यम हार्वेनं रक्त शरीरात गोल फिरतं हे मांडलं, पुढं चार द्रवांचं शास्त्र हळूहळू मोडीत निघालं, पण हे चारही शब्द आजही पेपरात विचारतात.

कुणाला अजून शब्द माहीत असतील तर टाका, आणि नुसता अर्थ नको, कुठं वापरतात तेही सांगा.

पंचगंगा_घाट :

सर धागा लई भारी. एक शंका, हिंदीत 'संगीन जुर्म' म्हणतात आणि बंदुकीला लावायची संगीन पण असते, दोन्हीकडं रक्ताचाच संबंध दिसतोय, मग हे पण सँग्विसमधनं आलंय का?

शब्दवेडा_कोल्हापूर :

भावा शंका एकदम योग्य आहे पण नाही. तो फारसी शब्द आहे, संग म्हणजे दगड. संगमरवर मधला संग तोच. संगीन म्हणजे दगडाचा, त्यावरनं जड, घट्ट, गंभीर. संगीन गुन्हा म्हणजे गंभीर गुन्हा, रक्त सांडलेलं असो नसो.

पण फारसीचा विषय काढलासच तर 'खून' बघ. फारसीत खून म्हणजे साधं रक्त, आणि हिंदीत आजही 'खून की जाँच' म्हणजे रक्ततपासणी. मराठीत आल्यावर मात्र फक्त सांडलेलं रक्त उरलं, खून म्हणजे हत्या. आतल्या रक्ताला आपल्याकडं 'रक्त' होतंच, त्यामुळं बाहेरून आलेल्या शब्दाकडं बाहेरचं रक्त गेलं. लॅटिनमधली सँग्विस आणि क्रुऑरची वाटणी मराठीनं अशी आपल्या पद्धतीनं केली, आणि म्हणूनच मराठी पोराला हा फरक समजायला खरं तर सोपा जायला पाहिजे.

सिस्टर_राजारामपुरी :

मी नर्स आहे, सर्जिकल वॉर्डला. आमच्याकडं हे शब्द रोज लिहावे लागतात पण त्याच्या मागं एवढं आहे हे माहीत नव्हतं.

ऑपरेशननंतर पोटात किंवा छातीत ड्रेन ठेवतात, नळी आणि तिला लावलेली पिशवी, आणि त्यात काय येतंय ते प्रत्येक शिफ्टला चार्टवर लिहायचं असतं, किती मिली आणि कसलं. पहिल्यांदा येतं ते बहुतेक सँग्विनस, म्हणजे सरळ रक्तच, लालभडक. नंतर ते पातळ होत कोकम सरबतासारखं गुलाबी दिसायला लागतं, त्याला सिरोसँग्विनस लिहितो, सिरम म्हणजे रक्तातलं पातळ पाणी, ते आणि रक्त मिसळलेलं. आणि मग फिकट पिवळं, नुसतं सिरस. हा क्रम असाच पुढं गेला तर पेशंट सुधारतोय. पण सिरोसँग्विनस झालेलं ड्रेन अचानक परत सँग्विनस झालं, पिशवी पटापट भरायला लागली, तर सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही, पल्स बीपी घ्यायचं आणि लगेच डॉक्टरांना फोन करायचा, कारण आत कुठंतरी ब्लीडिंग सुरू झालेलं असू शकतं. नवीन मुलींना मी हेच सांगते की हे शब्द नुसते इंग्रजी म्हणून लिहू नका, पुढच्या शिफ्टची सिस्टर त्याच एका शब्दावरनं ठरवणार आहे घाबरायचं का नाही.

आणि एक्सँग्विनेशन आमच्याकडं ॲक्सिडेंटच्या केसला ऐकू येतं, हायवेवरची केस असली की जास्तच. इतकं रक्त जाणं की त्यानंच माणूस दगावतो. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं 350 मिली रक्तदानात गेलं तर काहीच होत नाही पण दोन लिटरच्या वर भराभर गेलं की जीवावर बेततं. त्यामुळं कुणाचा ॲक्सिडेंट बघितला तर आधी स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरा, व्हिडिओ काढत उभं राहू नका ही कळकळीची विनंती.

शब्दवेडा_कोल्हापूर :

सिस्टर, हे मी उद्याच्या तासाला जसंच्या तसं सांगणार. सँग्विन, सँग्विनस आणि सँग्विनरी हे तीन शब्द वेगळे आहेत हे तुमच्या ड्रेनच्या पिशवीवरनं जेवढं कळतं तेवढं कुठल्या डिक्शनरीतनं कळणार नाही. सँग्विनसमध्ये ना आशा ना हिंसा, नुसतं रक्त आहे एवढंच.

वैद्य_पन्हाळारोड :

उत्तम विषय. ग्रीकांच्या सँग्विन माणसाचं वर्णन वाचलं आणि चरकसंहितेतला 'रक्तसार' पुरुष आठवला. चरकानं विमानस्थानात माणसाची परीक्षा करताना 'सार' सांगितलेत, कुठला धातू, म्हणजे रक्त-मांसासारखा शरीराचा घटक, कुणात उत्तम आहे ते. रक्तसार माणसाचे कान, डोळे, तोंड, जीभ, ओठ, तळहात, तळपाय, नखं हे सगळं स्निग्ध, लालसर आणि तेजस्वी असतं, आणि अशा माणसाला सुख, तीव्र बुद्धी, मनस्वीपणा आणि नाजूकपणा असतो, मात्र बळ फार नसतं आणि उष्णता सोसत नाही. गालावरची लाली आणि मनाची प्रसन्नता यांची जोडी दोन्ही वैद्यकांनी लावलेली आहे. माझ्या मते यात कुणी कुणाची नक्कल केली हे शोधण्याची गरज नाही, पेशंट नीट बघणारा कुठलाही वैद्य हेच बघणार.

आपल्याकडं दोष तीनच, वात पित्त कफ, पण सुश्रुत शल्यवाला, जखमा बघणारा, म्हणून तो एके ठिकाणी रक्ताला चौथं स्थान देतो. रक्तमोक्षण, जळू लावणं हे सविस्तर त्याच्याकडंच आहे. लॅटिनमध्ये जळूला सँग्विसुगा म्हणायचे, रक्त शोषणारी.

शब्दांबद्दल थोडं. 'रक्त' हा शब्द मुळात रक्ताचा नाहीच, रंगाचा आहे. रंज् धातूपासून रक्त म्हणजे रंगलेलं, लाल. त्याच धातूचे रंग, राग, रंजन, अनुरक्त, विरक्त. 'रुधिर' म्हणजेसुद्धा लाल, आणि तो इंग्रजी रेड आणि लॅटिन रुबरचा सख्खा भाऊ आहे, ज्याच्यावरनं रुबी आला. 'लोहित' म्हणजेही लाल. लोह हा शब्ददेखील आधी लालसर धातूचा, तांब्याचा होता, लोखंडाकडं नंतर गेला. खरा जुना रक्ताचा शब्द म्हणजे असृक्, जो आमच्या शास्त्रात असृग्दर या स्त्रीरोगाच्या नावात आजही आहे, आणि हित्ती भाषेत, म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी आजच्या तुर्कस्तानात लिहिल्या जाणाऱ्या भाषेत, त्याचं भावंड सापडतं. आणि 'क्रव्याद', चितेच्या अग्नीचं नाव, कच्चं मांस खाणारा, हा तुम्ही सांगितलेल्या क्रूर आणि क्रुएलच्याच घरातला.

कॉन्टे_काडी :

मी चित्रकार, पोर्ट्रेट करतो. आमच्यासाठी सँग्विन म्हणजे ना आशावादी ना काय, सँग्विन म्हणजे लाल खडू! कॉन्टेच्या काड्या मिळतात त्यात काळी, पांढरी, सेपिया आणि सँग्विन असे रंग असतात, मी शिकत असताना दुकानात 'एक सँग्विन द्या' म्हणून मागायचो, रक्ताचा अर्थ मनात कधी आलाच नाही.

लिओनार्दोनं लाल खडूत भरपूर रेखाटनं केलीत, नंतर फ्रान्समध्ये अठराव्या शतकात वातो या चित्रकारानं हा खडू अक्षरशः गाजवला. माणसाच्या अंगाला हा रंग इतका जुळतो त्याचं कारण कातडीखालचं रक्तच आहे. काळ्या कोळशानं गाल काढला तर तो सावलीत गेल्यासारखा दिसतो, तोच गाल सँग्विनची काडी आडवी धरून हलक्या हातानं फिरवला की कागदच गरम वाटायला लागतो. गालफडाचं हाड, नाकाचा शेंडा, कानाची पाळी, जिथं जिथं कातडीखाली रक्त जवळ आहे तिथं थोडा दाब वाढवायचा, कपाळावर कागद तसाच सोडायचा. एक सांभाळायला लागतं, हा रंग कागदात लगेच बसतो, खोडरबरनं साफ निघत नाही, त्यामुळं हात ठरलेला पाहिजे. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्या गावात चित्रकला शिकायला मिळाली याचं अप्रूप मला अजून आहे, आणि पोरांना मी आधी लाल खडूच हातात देतो.

अजून एक. हा खडू ज्या दगडाचा असतो त्यातला लाल रंग हेमेटाइटचा. म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. आपला गेरू तोच की, तुळशीवृंदावनाला लावतात तो.

लॅब_टेक्निशियन_शाहूपुरी :

कॉन्टेभाऊ तुम्ही हेमेटाइट म्हणालात आणि मला राहवलं नाही. हेमेटाइटमध्ये पण रक्तच आहे! ग्रीक हाइमा म्हणजे रक्त, हेमेटाइट म्हणजे रक्ताचा दगड. म्हणजे तुमच्या हातातल्या काडीचं नाव लॅटिन रक्तावरनं आणि तिच्यातल्या खनिजाचं नाव ग्रीक रक्तावरनं.

आमच्या लॅबमध्ये सगळा कारभार या ग्रीक हाइमावर चालतो. हिमोग्लोबिन, हिमॅटॉलॉजी, हिमोफिलिया, हॅमरेज, अगदी हेमोरॉइड म्हणजे मूळव्याधसुद्धा. शब्दाच्या शेवटी आला की इमिया होतो. ॲनिमिया म्हणजे रक्त नसणं. ल्युकेमिया म्हणजे पांढरं रक्त, जर्मन डॉक्टर फिरखोनं ठेवलेलं नाव. थॅलसेमियात थॅलासा म्हणजे समुद्र, भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांत आधी ओळखला गेला म्हणून. माझं निरीक्षण असं की आजाराचं नाव बहुतेक ग्रीक असतं आणि डोळ्यांना काय दिसतंय ते लिहायचं असलं की लॅटिन येतं, सिस्टरनी सांगितलेल्या सिरोसँग्विनससारखं.

आणि हो, रक्तातला लाल रंगही लोखंडामुळंच, हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. गेरूत ते वेगळ्या स्वरूपात आहे, रंगाची केमिस्ट्री वेगळी, म्हणून एचबी म्हणजे हिमोग्लोबिन कमी आला तर गेरू खाऊन उपयोग नाही, डॉक्टरांनी दिलेली गोळीच घ्यायची. माती, गेरू खायची इच्छा होणं हेच बऱ्याचदा ॲनिमियाचं लक्षण असतं, गरोदर बायकांत खास करून. घरात कुणी असं खात असेल तर रागावू नका, आधी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून घ्या.

फडकरी_करवीर :

शेती बघतो आणि बॉटनी शिकलोय म्हणून एक शब्द माझ्याकडनं. सँग्विनारिन.

उत्तर अमेरिकेत एक रानटी झाड आहे, ब्लडरूट, शास्त्रीय नाव सँग्विनारिया कॅनडेन्सिस. त्याचं कांडं जमिनीतनं काढून मोडलं की तांबडा-केशरी चीक येतो, त्यावरनं नाव. त्याच्यात जे विषारी द्रव्य सापडलं त्याला सँग्विनारिन म्हणायला लागले. आता तुम्ही म्हणाल अमेरिकेतल्या झाडाचं आपल्याला काय, तर हेच द्रव्य आपल्या बांधाबांधावर उगवणाऱ्या पिवळ्या धोत्र्यात आहे. काटेरी पान, पानावर पांढऱ्या शिरा, पिवळं फूल, मोडलं तर पिवळा चीक. हे झाड पण मूळचं मेक्सिकोकडचं, इथं येऊन तण झालंय. बोंडात जे बारीक काळं बी असतं ते मोहरीत मिसळलं तर पटकन ओळखू येत नाही, आणि तिथंच घात होतो. ते बी मोहरीबरोबर घाण्यात गेलं तर तेलात सँग्विनारिन उतरतं, आणि ते तेल खाण्यात आलं की पाय सुजतात, दम लागतो, हृदयावर परिणाम होतो. एपिडेमिक ड्रॉप्सी म्हणतात त्याला. 1998 साली दिल्लीत भेसळीच्या मोहरीच्या तेलानं अशी मोठी साथ आली होती, साठावर माणसं गेली. आपल्याकडं शेंगदाण्याचं तेल जास्त चालतं म्हणून बेफिकीर राहायचं कारण नाही, सुट्टी मोहरी विकत घेताना निवडून घ्या आणि बांधावरचा पिवळा धोत्रा बी धरायच्या आधी उपटून टाका, बी पडलं की पुढच्या वर्षी दसपट.

मामाची_पोरगी :

मला कॉन्सँग्विनियसबद्दल विचारायचंय. माझं लग्न आत्याच्या मुलाशी झालंय, आमच्याकडं तशी रीतच आहे. सोनोग्राफीला गेले तेव्हा फॉर्मवर कॉन्सँग्विनियस मॅरेज यस ऑर नो असं होतं, मला अर्थच कळेना म्हणून मोकळं सोडलं. नंतर डॉक्टर मॅडमनी विचारल्यावर कळलं. हे एवढं महत्त्वाचं का असतं?

सिस्टर_राजारामपुरी :

ताई बरं झालं विचारलंस. कॉन म्हणजे सोबत, सँग्विस म्हणजे रक्त, एका रक्ताचे. नवराबायको लग्नाच्या आधीपासनं रक्ताच्या नात्यातले आहेत का एवढंच त्या फॉर्मला विचारायचं असतं. आमच्या केसपेपरवर एनसीएम लिहिलेलं असतं ते म्हणजे नॉन कॉन्सँग्विनियस मॅरेज, नात्यातलं नसलेलं लग्न. तुझ्यासारखी मामे-आते भावंडं असली तर थर्ड डिग्री लिहितात आणि सीमेपलीकडं कर्नाटकात मामा-भाचीचं लग्न होतं ते सेकंड डिग्री.

कारण असं की मामे-आते भावंडांच्या जीन्समधला सरासरी आठवा हिस्सा एकाच आजी-आजोबांकडनं आलेला असतो. घराण्यात एखाद्या आजाराचा जीन लपून असला, जसं थॅलसेमिया, तर तो दोघांकडं असण्याची शक्यता वाढते, आणि दोघांकडनं बाळाला आला तरच आजार दिसतो. बहुतेक बाळं व्यवस्थित होतात, घाबरायचं काही नाही, पण डॉक्टरांना आधी माहीत असलं तर त्या योग्य टेस्ट सांगतात. घराण्याचा नकाशा काढतात त्यात साध्या जोडप्यात एक आडवी रेघ असते आणि नात्यातल्या जोडप्यात दोन रेघा. तुझ्या फाइलला ती दुसरी रेघ असायलाच पाहिजे, लपवू नकोस.

वकील_भवानीमंडप :

याला कायद्याची बाजूही आहे. हिंदू विवाह कायदा 1955 मध्ये सपिंड, म्हणजे एकाच पूर्वजाच्या जवळच्या, नात्यात लग्नाला मनाई आहे, आईकडनं तीन आणि वडिलांकडनं पाच पिढ्यांपर्यंत, पण रूढी असेल तर सूट आहे, आणि मामाच्या मुलीशी लग्न आपल्या भागात याच सुटीत बसतं. त्याच कायद्यात रक्ताचे प्रकारही दिलेत, फुल ब्लड म्हणजे सख्खे, हाफ ब्लड म्हणजे बाप एक आया वेगळ्या, आणि युटेरिन ब्लड म्हणजे आई एक बाप वेगळे. मराठीत शेवटच्या दोघांना आपण सरसकट सावत्रच म्हणतो पण वारसाच्या दाव्यात हा फरक उभा राहतो.

आणि नागरिकत्वात जुस सँग्विनिस हा लॅटिन शब्द जसाच्या तसा वापरतात. जुस सोली म्हणजे ज्या मातीत जन्मला तिथला नागरिक, जुस सँग्विनिस म्हणजे आईबाप ज्या देशाचे तिथला. भारत आधी मातीचं तत्त्व मानायचा, 26 जानेवारी 1950 नंतर इथं जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण नागरिक. 1 जुलै 1987 पासनं आईबापांपैकी एक तरी भारतीय पाहिजे असं झालं, आणि 3 डिसेंबर 2004 पासनं दुसरा बेकायदा आलेला नसावा हीही अट आली. म्हणजे आपला कायदा मातीकडनं रक्ताकडं सरकत गेला. मला स्वतःला हे तितकंसं पटत नाही, कारण या करवीर संस्थानाला सगळ्यात मोठा राजा रक्तानं नाही तर दत्तकविधानानं मिळाला, शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातनं 1884 साली दत्तक आले.

कट्टा_गंगावेश :

सगळं वाचलं, चांगलंय, पण शब्दवेडा सर एक स्पष्ट विचारतो. पेपरात हा एका मार्काचा प्रश्न. पोरानं मुळं शोधत बसावं का शंभर शब्द पाठ करावेत? माझ्या भावानं पाठ करूनच पोस्ट काढली.

शब्दवेडा_कोल्हापूर :

भावाचं अभिनंदन, आणि पाठांतराला माझा विरोध नाही. पण पेपरात न वाचलेला शब्द येतोच. सँग्विव्होरस आला समजा. गाईडात नसतो. हर्बिव्होरस, कार्निव्होरस माहीत असलेल्या पोराला सँग्विस माहीत असेल तर तो बसल्या जागी सांगेल, रक्तावर जगणारा, डास, जळू, व्हॅम्पायर वटवाघूळ. पाठ करणारा तिथं अडतो.

एक मात्र आहे, मूळ बघायचं तर नीट बघायचं, नुसतं तोंडावरनं ओळखायला गेलं की फसतो. सँक्शन, सँक्टिटी आणि सँक्च्युअरी यात रक्त नाही, ते पवित्र या अर्थाच्या मुळाचे, आपलं दाजीपूरचं अभयारण्य सँक्च्युअरी ते त्यामुळं. अँग्विश तर सँग्विसचा नुसता स काढल्यासारखा दिसतो पण तो अरुंद, घुसमट या अर्थाच्या शब्दातनं आलाय. आणि उलट बाजूनं, ज्यात रक्त अजिबात दिसत नाही तिथं ते असतं. सँग्रिया घ्या, वाइनमध्ये फळं घालून करतात ते स्पॅनिश पेय, त्या शब्दाचा मूळ अर्थ रक्तस्राव, रंगावरनं पडलेलं नाव. आणि साधा ब्लेस, आशीर्वाद देणं, हा जुन्या इंग्रजीत ब्लडवरनंच झालेला, रक्त शिंपडून पवित्र करणं, लॅटिनचा इथं काही संबंध नाही, तो त्यांचा घरचा शब्द.

पंचगंगा_घाट :

सर साँफ्रॉआ राहिला की. डिक्शनरीत अर्थ मनाचा थंडपणा असा दिलाय पण फ्रेंच अर्थ थंड रक्त, मग इन कोल्ड ब्लड खून केला म्हणतात तेच का?

शब्दवेडा_कोल्हापूर :

नाही, आणि हा फरक पक्का लक्षात ठेव. फ्रेंच साँ म्हणजे रक्त, सँग्विसचाच वंशज, आणि फ्रॉआ म्हणजे थंड. इंग्रजीत हा शब्द कौतुकाचा. खासबागेच्या कुस्ती मैदानात समोरचा पैलवान ढाक डाव लावायला घुसलाय, प्रेक्षक उठून उभे राहिलेत, आणि दुसरा पैलवान श्वास न वाढवता त्याच्या पायाकडं बघत थांबलाय, तो साँफ्रॉआ. इन कोल्ड ब्लड म्हणजे दयामाया न दाखवता, ठरवून. मराठीत 'थंड डोक्यानं' हे दोन्हीला चालतं, थंड डोक्यानं विचार केला आणि थंड डोक्यानं खून केला, म्हणून तर इंग्रजीत लिहिताना आपली गल्लत होते.

पंचगंगा_घाट :

वाक्यं करून बघितलीत, तपासा सर.
1. द फार्मर्स आर सँग्विन अबाउट द मॉन्सून.
2. पानिपत, 1761, वॉज अ सँग्विन बॅटल.
3. शी मॅरीड हर कॉन्सँग्विनिटी.

शब्दवेडा_कोल्हापूर :

पहिलं एकदम बरोबर, सँग्विन अबाउट हेच पाहिजे, पुढं काय होईल याबद्दलची उमेद. दुसऱ्यात रक्त सांडलंय, तेव्हा सँग्विनरी बॅटल. तिसऱ्यात कॉन्सँग्विनिटी हे नात्याचं नाव आहे, माणसाचं नाही, लग्न नात्याशी होत नाही. तिथं साधं मॅरीड हर कझिन लिही, आणि तो शब्द वापरायचाच असेल तर देअर मॅरेज वॉज कॉन्सँग्विनियस.